चित्त्याबद्दल माझं मत

३ मार्च, सोमवार
चित्त्यावर आरोप. सकाळी चहा घेतानाच बातमी आली. देशातला सगळ्यात वेगवान धावपटू, म्हणून सगळे त्याला चित्ता म्हणतात, आणि टीमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पोलिसांत तक्रार केली आहे की दोन वर्षांपूर्वी सरावशिबिरात त्याने आपल्यावर जबरदस्ती केली. तो म्हणतो, सगळं खोटं आहे.
संकल्प: कोर्टाचा निकाल लागेपर्यंत या विषयावर मत द्यायचं नाही. शिकल्यासवरल्या माणसाने, त्यातून डॉक्टरने, तोल सांभाळायला हवा. दातांचा असलो तरी डॉक्टरच.

४ मार्च, मंगळवार
मत दिलं नाही. फक्त एक शंका बोलून दाखवली, की दोन वर्षं ही बाई काय करत होती? खुर्चीत अक्कलदाढेचा पेशंट होता. त्याने जोरात मान हलवली. रिसेप्शनिस्ट नंतर म्हणाली, सर, तुम्ही ड्रिल लावलंत म्हणून हलली. तिचा स्वभावच असा, दुसऱ्याला श्रेय द्यायचं नाही.

६ मार्च, गुरुवार
शंकेला शास्त्रीय आधार मिळाला. समोरच्या इमारतीवर चित्त्याची टूथपेस्टची जाहिरात आहे, दवाखान्याच्या खिडकीतून थेट दिसते. आज नीट निरखली. इतकी वर्षं लोकांची तोंडं बघतोय, काही उगाच नाही. मनात पाप असलेला माणूस झोपेत दात खातो, मग सुळे झिजतात. चित्त्याचे सुळे एकदम शाबूत. दिवसभर येईल त्या पेशंटला हे समजावलं. एकानेही विरोध केला नाही. एक आजीबाई मात्र तोंडातला कापूस काढल्यावर म्हणाल्या, जाहिरातीत दात रंगवतात रे. वय झालं की माणसं संशयी होतात.

९ मार्च, रविवार
छोटी जेवायला आली होती. धाकटी बहीण, रंगाच्या कंपनीत अकाउंट्सला आहे. बरीच बारीक झालीय. डाएट जमलं म्हणून अभिनंदन केलं.
विषय मी काढला नाही, टीव्हीने काढला. मी इतकंच म्हटलं, की खरंच काही घडलं असतं तर ती त्याच दिवशी बोलली असती, दुसऱ्या दिवशी गुमान कामावर गेली नसती. छोटीने विचारलं, नाही गेली तर घरभाडं कोण भरणार, दादा? मी म्हटलं, प्रश्न भाड्याचा नाही, तत्त्वाचा आहे. एवढ्यात बायको ताटं उचलायला लागली. माझं जेवण व्हायचं होतं.
छोटी तशीच उठली. डोकं दुखतंय म्हणाली. दिवसभर आकडे बघून दुसरं काय होणार. डोळे तपासून घे म्हणून बजावलं. थोरल्या भावाला लक्ष ठेवावंच लागतं.

१२ मार्च, बुधवार
इमारतीच्या ग्रुपवर सविस्तर लिहिलं. शीर्षक, ‘आरोप आणि जबडा’. तळमजल्यावरच्या वकिलाने अंगठा दिला. तासाभराने काढून घेतला. वकिलांना जपून वागावं लागतं. बायको ग्रुपमधून बाहेर पडली. विचारलं तर म्हणाली, फोनची मेमरी भरली होती.

१६ मार्च, रविवार
छोटी आली नाही. फोनही उचलला नाही. मार्च महिना, हिशेबाच्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. थोड्या वेळाने बायकोचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि बराच वेळ बोलली. काचेतून दिसत होतं, बोलत कमी होती, ऐकत जास्त होती. आत आल्यावर मी विचारलं, कोण? म्हणाली, छोटी. काय म्हणते? काही नाही.
नणंद-भावजयीचं इतकं पटतं, याचं श्रेय घरातल्या मोकळ्या वातावरणाला.

१८ मार्च, मंगळवार
बायकोने येत्या शुक्रवारची रजा टाकलीय. कारण विचारलं. आधी सांगेना. मग भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता सांगितलं.
छोटीचा साहेब. गेल्या वर्षीपासून चाललं होतं. केबिनमध्ये बोलावणं, दार लावणं. एकदा त्याने हद्द ओलांडली. ती रडत इथे आली होती, मी कॉन्फरन्सला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. आता तिने कंपनीकडे तक्रार केलीय. शुक्रवारी चौकशी समितीपुढे जबाब आहे. दादाने सोबत यावं असं तिला वाटत होतं. त्या रविवारी ती तेच सांगायला आली होती.
मी विचारलं, मग मला आधी का नाही सांगितलं?
बायकोने सुरी खाली ठेवली. म्हणाली, हाच प्रश्न तिला शुक्रवारी तिथे विचारणार आहेत. घरात तरी नको होता.


१९ मार्च, बुधवार
योजना: एक, साहेबाला भेटून खडसावणं. दोन, समितीपुढे भाऊ म्हणून निवेदन करणं. निवेदनाची सुरुवात तयार केली. साहेब कसा दिसतो म्हणून कंपनीच्या वेबसाइटवर त्याचा फोटो शोधला. हसरा चेहरा. उत्तम दात. सुळे शाबूत.
वेबसाइट बंद केली.
दुपारचं रूट कॅनाल एक शब्द न बोलता केलं. पेशंटने विचारलं, डॉक्टर, माझं काही गंभीर आहे का?

२० मार्च, गुरुवार
छोटीला फोन केला. माफी मागायची होती, निवेदनच म्हणायला लागलो. ती थांब म्हणाली. खडसावायचं नाही, समितीपुढे यायचं नाही. काही करायचंच असेल तर गाडी काढ. आणि गाडीत बोलू नकोस.
ते मला सहज जमेल. मी मुळात मितभाषी.

२१ मार्च, शुक्रवार
पहिल्या सिग्नलला तोंड उघडलं, बायकोने आरशातून बघितलं, मिटलं. छोटी मागे तिचा हात धरून बसली होती. दोघी आत गेल्या. मी पार्किंगमध्ये.
बराच वेळ गेला. वॉचमन गप्पा मारायला आला. म्हणाला, साहेब, त्या चित्त्याचं काय वाटतं तुम्हाला? बाई खोटं बोलतेय ना? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, खरंच माहीत नाही. तो शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे गेला. त्याला माहीत होतं. मी काच वर केली.
छोटी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चाल ताठ होती. काय झालं ते बायकोला सांगत होती, मी नुसता ऐकत होतो. त्यांनी खरंच विचारलं, तेव्हाच का नाही बोललात. तिने म्हणे शांतपणे उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, आणि परत विचारलं नाही.
उतरताना छोटी म्हणाली, दादा, पुढच्या तारखेला पण येशील? मी म्हटलं, माझा एवढा आधार वाटला तुला?
बायको म्हणाली, तिथून टॅक्सी मिळत नाही.
येतो म्हणालो.