खूण ज्याची, अर्थ त्याचा

३ फेब्रुवारी, सोमवार

आज शाळेतलं झाड सोलायला निघाले होते. खरंच! हातात कर्कटक, मागे आठवीची चौतीस मुलं. शिपाईमामा आडवे आले. "बाई, झाडानं काय केलंय तुमचं?"

कारण एवढंच, की मला उत्साह आला होता. आणि मला उत्साह आला की कोणाचं तरी नुकसान ठरलेलं. वाचनालयातल्या एका पुस्तकात टापा हा प्रकार सापडला — पॉलिनेशियातल्या बेटांवर एका जातीच्या तुतीची आतली साल भिजवतात, कुटून कुटून कापडाएवढी पातळ करतात, तुकडे खळीनं जोडतात आणि वर चौकोनाचौकोनांत नक्षी काढतात. पानं, मासे, पक्ष्यांची पावलं, सगळं रेघांत आणि त्रिकोणांत बसवलेलं. बायका एकत्र बसून कुटतात. मी वर्गाला म्हटलं, चला, आपणही कुटू या! आपलं झाड तुतीचं नाही हे मामांनी सांगितलं. चौतीस मुलांदेखत.

आठवीत माझी मुलगीही आहे. शाळेत ती मला 'बाई' म्हणते, घरी मी तिला 'बाईसाहेब'. आज झाडापर्यंत येताना ती सगळ्यांच्या दहा पावलं मागे होती. मी तिच्या जागी असते तर वीस असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

साल रद्द. खाकी कागद! भिजवायचा, चुरगळायचा, पुन्हा भिजवायचा, वाळला की इस्त्री फिरवायची. कागद कापडासारखा मऊ पडतो. वरून कोऱ्या चहाचा हात. वर्गभर असा वास सुटला की सायन्सचे सर दोनदा डोकावून गेले. कप दिसेनात, तेव्हा हिरमुसले.

मुलांना नियम सांगितले. त्या बेटांवरच्या खुणा उचलायच्या नाहीत, त्या त्यांच्या घरच्या, त्यांच्या माणसांच्या. प्रत्येकाला एक चौकोन, त्यात आपली स्वतःची खूण काढायची. नाव नाही, चेहरा नाही — रेघ, ठिपका, त्रिकोण, एवढंच. आणि शेवटचा नियम: खूण ज्याची, अर्थ त्याचा. आपणहून सांगितला तर ऐकायचा, विचारायचा नाही.

हा शेवटचा जागच्या जागी सुचला नि ठोकून दिला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला. मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

टाळतेय ते लिहून टाकते.

बाईसाहेबांच्या बाबांचा पुन्हा फोन. आम्ही वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली. त्यांच्या गावातल्या शाळेत पुढच्या वर्षासाठी तिला जागा आहे, शाळेला पोहण्याचा तलाव आहे, आणि ही पोरगी पाण्यात पडली की बाहेर येत नाही. अर्ज २८ तारखेपर्यंत. गेली तर तिकडेच राहायचं, सुट्टीत इकडे. आम्ही दोघांनी अगदी समजूतदार चेहरे करून ठरवलं — निर्णय तिचा. मी तर वर म्हणाले, "माझा विचार अजिबात करू नकोस."

म्हणाले, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. मग नळ बंद करायला विसरले. तो तिनंच येऊन बंद केला.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी पालकांच्या ग्रुपवर पाठवलेला संदेश, जसाच्या तसा:

"उद्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरून आपली खून तयार करून आणावी. पालकांनी मदत करू नये. खून साधी व स्वच्छ असावी. खाली जुनी चादर अंथरावी. लाल रंग टाळावा, डाग निघत नाहीत."

पाच मिनिटांत एका वडिलांचं उत्तर — "बाई, एकट्यानं करायची की गटात?"

मला काही कळेना. मी लिहिलं, "एकट्यानं. मन लावून." तेवढ्यात आतल्या खोलीतून बाईसाहेब ओरडत आल्या. "आई, ण! अगं बाणातला ण!!" मी घाईघाईनं दुरुस्ती पाठवली: "क्षमस्व. खून नव्हे, खून वाचावे." तिनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मग तिनं लिहिलेलं नीट गेलं.

मोठ्या बाईंचा (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचा) फोन आला. त्या बराच वेळ नुसत्या हसत होत्या. इतकी वर्षं नोकरी केली, मोठ्या बाईंना हसवलं ते आज!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एकानं बुटांच्या कंपनीचं चिन्ह आणलं. "बाई, हेच माझं आहे, पायात आहे बघा." परत पाठवला. एकीनं नुसती वेडीवाकडी रेघ आणली, म्हणाली, ही मी आणि माझा दादा, भांडताना. दुसऱ्या बाकावरची अडखळत बोलणारी मुलगी — तिनं तीन ठिपके काढलेत, मग एक लांब सरळ रेघ. सगळी खूण तशीच. तीन ठिपके, रेघ. तीन ठिपके, रेघ. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "प-प-पहिलं अक्षर तीनदा येतं. मग न-नीट जातं."

मी खिडकी उघडायला गेले. खिडकी उघडीच होती.

बाईसाहेबांचा चौकोन कोरा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अजून कोरा. मी फक्त सहज बघितलं. चार वेळा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काढली! दोन त्रिकोण. एक मोठा, एक छोटा. मोठा जरा वाकलेला, छोट्याच्या अंगावर छप्पर धरल्यासारखा. भोवती बारीक ठिपक्यांचं कुंपण, कुठंही फट नाही.

आता हे काय कोणी उलगडून सांगायला हवं? मोठा त्रिकोण आई. छोटा ती. आणि फट नाही! जाणारं माणूस दार ठेवेल ना कुंपणाला?

तिला विचारता येत नाही. नियम आहे. कोणत्या शहाणीनं केला तो!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, सरळ विचार की पोरीला."

"नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा."

ताईनं असा सुस्कारा टाकला की फोन कानापासून लांब धरावा लागला. धाकट्या बहिणीसाठी ती हे सुस्कारे जपून ठेवते. मग म्हणाली, "आणि उलटं असलं तर?" उलटं म्हणजे काय? तिला चित्रातलं काय कळतं. मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवतेय.

२३ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर सामान हलवलं. खिडकीजवळची मोठी खोली आता तिची. माझं चित्रांचं टेबल स्वयंपाकघराशेजारच्या बोळात. नवे पडदे — निळे, पाण्यासारखे. पडदे लावताना स्टुलावरून पडले, पण हौसेनं पडले, त्यामुळे लागलं नाही. (लागलंय. घोटा सुजलाय.)

ती मैत्रिणीकडून आली आणि दारातच थांबली. मला वाटलं उडी मारेल. ती हळूच म्हणाली, "आई, एवढं कशाला केलंस?" मग बर्फ आणून माझ्या घोट्याला लावत बसली. पडद्यांकडे बघितलंसुद्धा नाही. या वयात आनंद दाखवायची लाज वाटते मुलांना, मला माहीत आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

फ्रिजवर कागद चिकटवलाय बाईसाहेबांनी. सुवाच्य अक्षरात: गॅस. किल्ली. चष्मा डोक्यावर बघ. सकाळची गोळी. बिल — दहा तारीख. मावशीला रविवारी फोन.

माझी थट्टा! आणि किती नेटकी! मी खाली लिहिलं, "बाणातला ण." ती हसली, पण अर्धवटच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

टापा टांगला! चौतीस चौकोन, खळीनं एकाला एक जोडलेले, सभागृहाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. माझ्या हातून एवढी मोठी गोष्ट सरळ लागली हेच नवल. (एक टोक चार बोटं खाली आहे. मामा म्हणाले, "राहू द्या बाई, तुमची खूण.")

पालक आले. खुनाची आठवण प्रत्येकानं काढली, एकानं तर हात वर करून शरणागती पत्करली. ज्यांना सांगायचं होतं त्यांनी अर्थ सांगितला. अडखळणारी मुलगी आपल्या चौकोनाशी उभी राहिली, पूर्ण सांगितलं, मध्ये कोणी मदत केली नाही. तिची आई मागच्या रांगेत तोंडावर पदर धरून उभी.

बाईसाहेब म्हणाल्या, "मी नाही सांगत."

इथं मी थांबायला हवं होतं. थांबले असते तर ती मी कसली. मोठ्या बाईंना हाताला धरून तिच्या चौकोनासमोर नेलं आणि बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाले, "मोठा त्रिकोण कोण, ओळखा बघू!" मोठ्या बाई माझ्याकडे बोट दाखवून हसल्या. मी मान डोलावली. शेफारले होते नुसती. माझाच नियम, मीच मोडला, आणि तोही दुसऱ्याच्या खुणेवर.

वळले तर ती मागेच उभी. चेहरा पांढरा. घरी येताना ती पुन्हा दहा पावलं मागे. मला वाटलं, रागावली. चुकलंच माझं. उद्या माफी मागेन, आणि अर्ज भरायचा नाही हेही उद्याच पक्कं होईल, म्हणजे तिच्या बाबांना कळवता येईल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठा त्रिकोण ती आहे. छोटा मी.

सकाळी बूट घालताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. "मला जायचंय गं. पण मग तुझ्याकडे कोण बघणार? एवढंच अडलंय." नाडीची गाठ सोडायची, परत बांधायची, असं चाललं होतं. वय वर्षं तेरा.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि "जा" म्हटलं. यावेळी समजूतदार चेहरा न करता, खरं वाटेल असं म्हटलं.

एक बूट पायात, एक हातात, आणि ती माझ्या मांडीत तोंड खुपसून लहान मुलीसारखी रडली. चार वर्षांत पहिल्यांदा.