योगिनीचं नाव नव्हतं तरी

पुणे, रविवार

माय, तुले अन् बाबाले जयभीम.

माही तब्येत बरी हाये. खानावळीत आता ज्वारीची भाकर भेटते. तुहे गुडघे कसे हायेत?

गंगूमावशीच्या योगिनीची सोयरीक मोडली, हे तू फोनवर सांगतलं. "तिच्या टीबीचं पेपरात कोणं देलं?" मनून तू रडली. मनून हे पत्र लिहून राह्यलो. माय, ते माह्या हातून झालं.

आमच्या हापिसात दवाखान्याईची सरकारी माहिती राह्यते. संशोधन करणारे ती बंद खोलीत बसून पाह्यतात. त्यात नावं नसतात. ते जे आकडे बाहेर नेतात, ते आधी मी तपासतो. लहान गावात एकच रोगी असला, तर तो आकडा झाकावा लागते, नाहीतर लोक माणूस ओळखतात. आपल्या गावाचं नाव दिसलं अन् मले इतकी खुशी झाली, का पुढचं मी नीट वाचलंच नाही. तसंच ते बाहेर गेलं अन् पेपरात छापून आलं: आपल्या गावात टीबीची एक बाई, वय तेवीस.

साहेबाले मी सगळं सांगतलं. माहं तपासायचं काम काढून घेतलं. पोरगं सरकारची माहिती सांभाळते, असं आता कोणाले सांगू नको.

योगिनीले फोन करून माफी मांगतली. ती म्हणे, "दादा, गोळ्या पुऱ्या झाल्या, मी कधीचीच बरी झाली. माफी मले एकटीले कायले मांगतं? चारचौघात मांग."

शनिवारी येऊन राह्यलो. विहारात सगळ्याईसमोर सांगीन. तवा तू माह्याजवळ उभी राहू नको, माय. तिच्याजवळ बस.

तुहा,
प्रसेनजित