लंडनच्या रविवारची टेप

आबा,

काल मी मशीन बिघडलंय म्हणाले, ते खोटं होतं. टेपच माझ्या हातून गेली. चिकटलेली जुनी टेप मंद ओव्हनमध्ये ठेवली की पुन्हा वाजते, असं वाचलं होतं. पण ते नंतरच्या टेपांसाठी. तुमची १९५९ची टेप ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची, ती उष्णतेने आखडली. रीळ उजेडासमोर धरलं असतं तर ॲसिटेटमधून उजेड आरपार येतो, तेवढ्यावरून कळलं असतं. एमएस्सी होऊन मी तेवढंही केलं नाही.

तुम्ही लंडनच्या खोलीत त्या रविवारी रेडिओसमोर माइक ठेवून दिवसभर टेप केलेले विनोदी कार्यक्रम कदाचित कुठे मिळतीलही. ते ऐकताना टेपवर मागे हसणारी आजी मिळणार नाही.

मिहानमधल्या कंपनीत कामावर चाललेय, सहाला येईन. वरण-भात कुकरमध्ये आहे. माझ्यावर रागवा, पण "जाऊ दे वं" म्हणू नका.

अदिती