रारोटोंगाचा शनिवार

रोटोटुना, हॅमिल्टन
शनिवार, १३ जून

प्रिय ताई,

पाकीट बघूनच तू काळजीत पडली असशील, म्हणून आधीच सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. विनिताची पाठ अधूनमधून धरते, नील तिच्यापेक्षा उंच झालाय, ईशाच्या दातांना तारा लावल्यात. मी दमलोय, पण ते नेहमीचंच. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस की आईच्या मोबाइलचा तू आता सबंध वर्षाचा रिचार्ज करून टाकलास, पुन्हा चूक नको म्हणून. आईला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल आणि तू अजून तो फोन चालू ठेवतेस. मी ‘दूध उतू जातंय’ असं काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. इथे दूध तापवतं कोण, ताई? कार्टनमधून काढायचं आणि प्यायचं. तेव्हापासून आठवडाभर मला धड काही सुचत नाहीये. त्या रिचार्जबद्दलच तुला काही सांगायचंय. फोनवर सांगायला गेलो तर मी पुन्हा शेपूट घालीन, आणि पत्र एकदा पेटीत टाकलं की परत काढता येत नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी दहा वाजले तरी इथे धुकं हटत नाही. नदीवरून येतं आणि कुंपणापाशी बसून राहतं. माझी नोकरी तीच, दूध पावडरचा कारखाना, यंत्रं अडली की माझा फोन वाजतो. चौदा वर्षं झाली इथे येऊन. या चौदा वर्षांत माझी प्रत्येक मोठी सुट्टी साताऱ्याला गेली. बाबांचं आजारपण, त्यांचं जाणं, तुझं ऑपरेशन, नीलची मुंज, आईचे मोतीबिंदू, एक झाला की दुसरा. तक्रार नाही करत. तू तर तिथे राहून रोजचं सगळं केलंस, तुझ्यापुढे मी काय तोंड वर करून बोलणार? पण मनात एक हिशेबनीस बसलेला असतो, त्याला गप्प करता येत नाही. विनिताने चौदा वर्षांत स्वतःसाठी म्हणून एकही सुट्टी मागितली नव्हती. गेल्या वर्षी जानेवारीत तिने मागितली. तिच्या ऑफिसातले सगळे इकडच्या हिवाळ्यात रारोटोंगा नावाच्या उबदार बेटावर जातात. आम्ही जुलैतल्या शाळेच्या सुट्टीतला एक आठवडा धरून तिकिटं काढली.

मग मे महिन्यात आई न्हाणीघरात पडली. तू फोन केलास, जगू, एकदा येऊन जा, ती तुझी आठवण काढते. तुला मी सांगितलं की कारखान्यात माणसं कमी आहेत, ख्रिसमसपर्यंत रजा मिळणं कठीण आहे. रजा मिळाली होती, ताई. मंजूर होऊन चार महिने झाले होते. ती तिकिटं रद्द करून साताऱ्याला यावं असं मला वाटलं नाही, हे आता स्वच्छ लिहितो. मला कुठल्या तरी वाळूत आडवं पडायचं होतं, जिथे कोणी आजारी नाही आणि कोणी माझी वाट बघत नाही. विनिता म्हणाली होती, निदान ताईंना खरं सांग, त्या समजून घेतील. मी म्हणालो, बघू.

तर आम्ही गेलो. ऑकलंडहून बुधवारी निघालो आणि मंगळवारी पोचलो. मधे समुद्रात वाराची रेषा आहे ना, ती ओलांडली की दिवस एकाने मागे जातो. मुलांना त्याची कोण मजा वाटली. विमानातून उतरल्यावर अंगाला ऊब लागली आणि मी दारातच दोन मिनिटं उभा राहिलो, मागची माणसं खोळंबली. बेट म्हणजे जुना ज्वालामुखी. मधोमध काळे, हिरवे, टोकदार डोंगर, भोवती सपाट जमिनीची पट्टी आणि सगळ्याभोवती प्रवाळाची भिंत. लाटा बाहेरच फुटतात, आतलं पाणी कमरेइतकं, कोमट आणि इतकं नितळ की पायाची नखं दिसतात. एकच मोठा रस्ता आहे, बत्तीस किलोमीटरचा, बेटाला वळसा घालणारा. त्यावर दोन बस. एक घड्याळाच्या दिशेने जाते, दुसरी उलट. कुठलीही धरलीत तरी घरी पोचता. मला आयुष्यात इतकी सोपी गोष्ट कधी भेटली नव्हती.

आणि ताई, अळू! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अळूची शेतंच्या शेतं. पानं आपल्या परसातल्या पानांच्या दुप्पट. विनिता बसमधून उतरून त्यांच्याशेजारी फोटो काढत होती आणि मला मात्र आई आठवली, हात खाजू नयेत म्हणून तेल लावून देठं सोलणारी. दारोदार चाफा. रस्त्यावर कोंबड्या मोकळ्या फिरतात, कोंबडे दिवसभर वेळी-अवेळी आरवतात. शुक्रवारी आम्ही बेट आडवं पार केलं, जंगलातून मुळं धरधरून वर, सुळक्याच्या पायथ्यापर्यंत. वर बसलो तेव्हा दोन्ही बाजूंना समुद्र दिसत होता. नील, जो माझ्याशी महिनोन्‌महिने एका शब्दाच्या वर बोलत नाही, तो म्हणाला, स्वीट अ‍ॅज (इकडची पोरं ‘झकास’ला असं म्हणतात), डॅड, आपण इथेच राहू या. मला तेव्हा फार सुख झालं. ते सुखसुद्धा मी तुझ्यापासून लपवलं.

आता शनिवारचं. माझा आईला फोन दर रविवारी, आमच्या दुपारी साडेचारला, तुमच्या सकाळी दहाला, तिची पूजा आटपली की. बाबा गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत तो चुकला नव्हता. पण आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती तेव्हा तुमच्याकडे रविवार उजाडून दहा वाजत आले होते. मी वारात चुकलो आणि फोन राहिला.

हे वरचं वाक्य मी खोडत नाही, पण ते पुरतं खरं नाही. सूर्य बुडाला होता, आम्ही वाळूवरच बसलो होतो, टॉवेल पसरून, पोहायच्या ओल्या कपड्यांवर. ईशा शंखातले खेकडे गोळा करत होती. तिने मधेच विचारलं, डॅड, घरी संडे झाला ना, आजीला कॉल नाही केला? अकरा वर्षांच्या पोरीला वार कळला होता. मलाही कळला. फोन माझ्या चपलेखाली होता, हात लांब केला असता तरी मिळाला असता. मी म्हणालो, उद्या करू. आईचा चेहरा दिसला की मला परत खोटं बोलावं लागलं असतं, काय करतोस, जेवलास का, थंडी किती आहे. मागे समुद्र आणि तोंडाने थंडी. मला त्या एका संध्याकाळी आईचा मुलगा व्हायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

त्या सकाळचं तू मला नंतर सगळं सांगितलंस. आई आठवडाभर काठी सोडून फाटकापर्यंत चालायचा सराव करत होती, मला व्हिडिओवर दाखवायला. पूजा लवकर आटपून, इस्त्रीची साडी नेसून, फोन मांडीवर घेऊन खुर्चीत बसली. बारा वाजता तू जेवायला हाक मारलीस तर म्हणाली, थांब जरा. संध्याकाळी तुझ्या लक्षात आलं की तिच्या फोनचा रिचार्ज आदल्याच दिवशी संपलाय. तू धावत जाऊन तो करून आणलास आणि म्हणालीस, माझ्या फोनवरून लावते. ती म्हणाली, राहू दे, तिकडे मध्यरात्र असेल, दमून झोपला असेल, उद्या करेल. सोमवारी सकाळी आठला ती गेली.

दहा वाजता मी फोन केला, माझा रविवारचा फोन, बेटावरून. तू उचललास आणि पहिलं वाक्य बोललीस, तुला कसं कळलं रे? मला काहीच कळलं नव्हतं. आणि फोन लगेच लागला म्हणून तुझी खात्रीच पटली की आदल्या दिवशीही मी करत होतो आणि तो लागत नव्हता. लगेचचं तिकीट मिळत नाही असं मी तुला म्हणालो ते खरं होतं, पण ते त्या बेटावरून. हॅमिल्टनहून निघालो असतो तर दुसऱ्याच दिवशी पोचलो असतो आणि तोवर तू आईला थांबवून ठेवलं असतंस. अग्नी तू दिलास. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. शशिकांतकाकांनी सगळ्यांदेखत विचारलं, तिकडे थंडी ना, मग हा एवढा काळवंडला कसा? आणि माझ्या आधी तूच उत्तर दिलंस, रात्रंदिवस राबतो हो तिकडे.

तेराव्याला स्वयंपाकघरात तू पाटावर बसून रडलीस. माझ्या निष्काळजीपणामुळे तुझा आवाज न ऐकता आई गेली, मला माफ कर, असं म्हणालीस. तू, जिने दोन महिने तिला उचलून न्हाणीघरात नेलं. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू दे ताई, माझ्या मनात काही नाही. मी तुला माफ केलं, ताई. आई गेली त्या दिवसापेक्षा मला त्या वाक्याची जास्त लाज वाटते. त्यानंतर दर रविवारी तू ते रिचार्जचं काढतेस आणि दर रविवारी मी तुला पुन्हा माफ करतो.

पत्र त्यासाठी लिहिलं. वर्षश्राद्धाला मी येतोय, रजा मंजूर आहे, या वेळी खरी. तू दार उघडलंस तर आत येईन, नाहीतर पायरीवर बसेन, तो तुझा अधिकार आहे. पण मी पोचायच्या आधी हे तुला ठाऊक असायला हवं. त्या रविवारी आईचा फोन बंद होता हे खरं आहे. चालू असता तरी तो वाजला नसता. तुझ्याकडून काहीही चुकलेलं नाही. आता तो नंबर बंद करून टाक, ताई.

तुझाच,
जगू