'बाहेर'च्या रांगेतली कार्डं

३ मार्च
काजवाली येऊन थडकली! शिवणखाना बंद पडल्यापासून पहिल्यांदाच. ती काजं करायची, मी कॉलर लावायचे, मशीनला मशीन लागून. चहा अर्धा झाला नाही तोच — "जादा कामाच्या पगाराचा अर्ज केलाय सगळ्यांच्या वतीने. सोमवारी सुनावणी. तू साक्षीला येतेस." विचारलं नाही, सांगितलं. तशीच आहे अजून.
म्हटलं, अगं, मालक असूनही भाऊंनी आपल्याला घरच्यासारखं वागवलं.
"हो ना! घरच्या बाईला कुठे पगार असतो?"


४ मार्च
दिवसभर शिवणखानाच डोळ्यांसमोर. सुटीचा भोंगा झाला की सगळ्या उठायचो, आपापलं हजेरीचं कार्ड 'आत'च्या रांगेतून काढून 'बाहेर'च्या रांगेत खोचायचो, आणि परत मशीनवर! भाऊ शटर अर्धं ओढून घ्यायचे. कागदोपत्री आम्ही घरी.
पण खरं सांगू? दिवसातला तोच वेळ मला आवडायचा. रेडिओ मोठा व्हायचा. काजवाली सासूची नक्कल करायची आणि हसता हसता माझी शिलाई वाकडी जायची. त्या खिदळण्यासाठी अजून जीव तुटतो. तो वेळ कुणी लुबाडला असं म्हणायला जीभ रेटत नाही.

५ मार्च
जाणार नाही साक्षीला.

६ मार्च
काजवालीने ओढतच नेलं कामगार कार्यालयात. तिथल्या बाई म्हणाल्या, "कार्ड बाहेर ठेवलं तरी काम करून घेतलं ना? मग पगार लागू, तोही जादा दराने. तुम्ही ते हसत केलंत की रडत, कायदा विचारत नाही." पण पुरावा हवा. कार्डं तर आम्ही गेल्याचंच सांगतात. आणि भाऊंनी लिहून दिलंय — बायका गप्पा मारायला थांबायच्या.
गप्पा! अंगाचा तिळपापड झाला.

७ मार्च
भिंतीवरचा फोटो उतरवला. बंद पडायच्या थोडं आधी, शटर ओढल्यावर, भाऊंच्या बायकोने काढलेला. काय छळलं होतं वहिनींनी! "डावीकडे सरका. अजून जरा. हातातलं काम ठेवू नका गं, तसंच राहू दे." काजवाली म्हणाली होती, "वहिनी, स्थळ बघताय का आम्हाला?" मग त्यांनी प्रत्येकीला एकेक फोटो दिला.
मी आजवर त्यात चेहरेच पाहत आले. आज मागची भिंत पाहिली. कार्डं! सगळी 'बाहेर'च्या रांगेत. आणि पुढे आम्ही, मांडीवर अर्धवट शर्ट घेऊन.
न्यायचा ठरवलाय. भिंतीवर फिकट चौकोन उरलाय, बघवत नाही.

९ मार्च
सुनावणी झाली. भाऊंच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही तिथे आनंदात होतात ना?" म्हटलं, "खूप. आणि कॉलर लावत होते." दोन्ही खरं. अधिकाऱ्यांनी फोटो पुढे सरकवला — "भाऊसाहेब, गप्पा मारायला शर्ट लागतात का?" भाऊंनी मान वर केली नाही. मला रडू आलं, का ते कळलं नाही. पगार मिळणार, सगळ्यांना!

१० मार्च
काल लिहायचा धीर झाला नाही. सुनावणीनंतर जिन्यात वहिनी माझ्या शेजारून उतरल्या. भाऊ पुढे गेले होते. माझ्याकडे न बघताच हळू विचारलं —
"कार्डं नीट दिसली ना गं?"