नावेतली पेटी

११ नोव्हेंबर १९७८, हिंगणी
आज परत जळजळ. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, तरी दुपारी तीच गत. ओटीपोटात कळ येऊन येऊन डोळ्यांत पाणी आलं. नावाडी सीतारामभाऊंना वाटलं ऊन लागलं. म्हणाले, "मॅडम, डोक्यावर पदर घ्या जी." काय सांगू त्यांना, कपाळ?

चारी बाजूंनी बोर धरणाचं पाणी, आणि त्यात मी कोरडी ठणठणीत. भाऊंचं बरं असतं. ते नावेच्या मागच्या टोकाला जाऊन मोकळे होतात, आम्ही दोघी, मी आणि त्यांची बायको भागी, डोंगराकडे बघत बसतो. आमचं काय? काठाला बुडालेल्या झाडांचे खुंट, नाव लागत नाही. लागली तर गुडघाभर चिखल, आणि पुढे जंगल. संध्याकाळी घाटावर परत येईपर्यंत दात आवळून बसायचं.

१५ नोव्हें.
सेलूला डॉक्टरांकडे. गोळ्या दिल्या. "पाणी भरपूर प्या, लघवी अडवू नका." मी हसलेच. डॉक्टर चिडले. पुन्हा असंच चाललं तर किडनीवर जाईल म्हणे.

१६ नोव्हें.
मासळी केंद्रावर साहेबांना सांगितलं. कसं सांगितलं ते माझं मला माहीत. साहेब खिडकीबाहेर बघत ऐकत होते, कान लाल. मग म्हणाले, "तुम्ही आता टेबलावरच बसा. नावेवर एखादा मुलगा पाठवू."

मी म्हटलं, नाही सर.

"अहो, तुमच्याच सोयीसाठी..."

माझी सोय! रुजू झाले त्या दिवशीही हेच ऐकलं होतं, बाईमाणसाला पाण्यावरचं काम झेपायचं नाही. मासळीची मोजणी, पाण्याचे नमुने, यासाठी मी शिकले. अल्लीपूरहून बाबांना न विचारता अर्ज केला. आता टेबल घेतलं की नाव गेलीच, परत काही मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती नाव आवडते. सकाळी शीड भरतं आणि नाव आवाज न करता निघते, तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

१९ नोव्हें.
सुचलं! वर्ध्याला वसतिगृहात राखेचा संडास होता. खाली बादली, वर बसायची फळी, प्रत्येक वेळी राखेचं टमरेल ओतायचं. वास नाही, माशी नाही. तोच नावेत का नको? पाण्यात काही सोडायचं नाही, हे आधीच ठरवलं. खालची गावं कालव्याचं पाणी पितात, आणि त्याच पाण्याचे नमुने मी घेते. बादली घाटावर आणून खड्ड्यात पुरायची.

साहेब म्हणाले, बघा करून. महिनाभर. एक जरी तक्रार आली तर पेटी बाहेर आणि तुम्ही टेबलावर. मी लगेच हो म्हटलं. ते बहुतेक मी नाही म्हणेन असं धरून होते.

२३ नोव्हें.
सुतार पेटी करून देतो म्हणाला, पण हसू आवरेना त्याला. "नावेतला संडास! बाप्पा! मॅडम, मी पाळणे केले, खाटा केल्या, हे पहिल्यांदाच करून राह्यलो." कर बाबा, हस आणि कर.

हसला नाही तो सीतारामभाऊ. सकाळी नावेत पाय ठेवायच्या आधी हा माणूस वाकून तिला हात लावतो, मग तोच हात कपाळाला. चपला काठावर. माझ्याही. पुढच्या टोकाला हळदीकुंकू. त्याला सांगितलं तर तो पुन्हा वाकला, नावेला हात लावला. मग म्हणाला, "मॅडम, नाव आमची माय हाय. मायच्या अंगावर संडास?"

माझ्याकडे होतं ते सांगितलं. म्हटलं, भाऊ, मी आजारी पडते हो.

भागी जाळं झटकत होती. मान वर केली नाही तिने.

२४ नोव्हें.
भाऊंनी तोड काढली. पेटी नावेच्या लाकडाला टेकू द्यायची नाही. खाली विटा ठेवायच्या, विटांवर पेटी. "मंग ते नावेत हाय बी आन् नाई बी." बरं. विटा तर विटा.

२७ नोव्हें.
आज पेटी नावेत. आणि आजच फजिती!

मागच्या टोकाला विटा, विटांवर पेटी, तिन्ही बाजूंनी गोणपाटाचा आडोसा, बांबूला बांधलेला. आत चढले तर डोकं शिडाच्या आडव्या काठीला लागतं इतकं उंच. बसले न बसले तोच वारा आला आणि गोणपाट फुगलं. नाव गर्रकन फिरली. विटा घसरल्या, पेटी कलंडली, मी राखेच्या डब्यासकट भागीच्या जाळ्यात. बाहेरून भाऊ ओरडतात, "मॅडम, ते दुसरं शीड झालं जी! दोन शिडं झाली!"

राखेने पांढरी झालेली मी, आणि भागी तोंडात पदर कोंबून हसते आहे. मग मलाही हसू आलं. भाऊ मात्र पांढरेफटक. नाव उलटली असती.

२९ नोव्हें.
विटा काढल्या. काढाव्याच लागल्या. पेटी आता तळाच्या फळ्यांवर, पाचरी मारून घट्ट. खाली भाऊंनी स्वतः एक जुनी आंब्याची फळी घातली आणि नावेला नारळ फोडला. मला प्रसाद दिला, पण माझ्याकडे न बघता.

नियम ठरला. मी जाणार असले की आधी भाऊ शीड उतरवणार, नाव थांबणार, मग मी आडोशात. नाहीतर गोणपाट नाव फिरवतं. तर मला तोंडाने म्हणावं लागतं, "भाऊ, शीड उतरवा." पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली. ते दोर सोडतात आणि पाठ करून उभे राहतात.

४ डिसेंबर
राख ओली झाली की सगळं वाया. नावेत शिंतोडे उडतात, डब्याला झाकण घट्ट हवं. आता तेलाचा पत्र्याचा डबा आणला. चुलीची राख चाळून घ्यावी लागते, कोळसा राहिला तर टोचतं. थोडी सुकी माती मिसळली की अजून चांगलं. बादलीत तळाला कडुलिंबाचा पाला. संध्याकाळी बादली मीच नेते, घाटाच्या वर, पळसांच्या मागे खड्डा खणलाय. दुसरं कोण नेणार? विचारलंही नाही कोणाला.

पण आज दिवसभर पाणी प्यायले! तांब्याभर! जळजळ नाही. इतकं साधं सुख असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

९ डिसें.
घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांना कळलंय. भर पाण्यात शीड खाली आलं की त्या धोपाटणं थांबवतात. वारा असला तर हसणं नावेपर्यंत ऐकू येतं. "उतरलं वो, उतरलं!"

भाऊ ऐकतात. दोर धरलेल्या हाताची शीर फुगलेली दिसते.

१३ डिसें.
गावात आता तो शब्दच झाला. पोट्टे डबा घेऊन निघाले की म्हणतात, शीड उतरवून येतो. ऐकून मीही हसले असते, पण आज घरमालकीण काकूंनी दारातच विचारलं, "काऊन वो, आज किती खेपा शीड उतरलं?" आणि मी माठाकडे गेले तशी पुढे होऊन म्हणाल्या, "थांब, मी देतो." वरून पाणी ओतलं. ओंजळीत. माझा पेला कोनाड्यात वेगळा ठेवलेला.

बादली उचलते म्हणून! स्वतःची बादली! साबणाने हात धुते, राखेने धुते, काकूंपेक्षा जास्त वेळा धुते. म्हणायचं होतं, म्हटलं नाही. खोली सोडायला सांगितली तर हिंगणीत दुसरी कोण देणार? ओंजळीतलं पाणी प्यायले आणि खोलीत येऊन खूप रडले. रागाने रडले. आणि ज्यांना जन्मभर असंच वरून पाणी ओततात त्यांचं काय, हे आज पहिल्यांदा मनात आलं. लाज वाटली.

१८ डिसें.
आज भाऊ काठावर जाळ्याची खुंटी ठोकायला उतरले, नावेत मी आणि भागी. तिला म्हटलं, तूही जात जा ना पेटीत. नवी राख आहे.

"नाई जी बाई."

का गं?

"मले लागतच नाई. मी नावेत पाणीच पेत नाई."

कधीपासून?

"लगन झालं तैपासून."

इतकी वर्षं, रोज. जळजळ होते का विचारलं. "होते नं. बाईच्या जातीले होतच असते." असं म्हणाली, जशी थंडीत पाय फुटतात तसं. मला एवढा संताप आला! कोणावर ते कळेना. माझ्यासाठी डॉक्टर झाला, साहेब झाले, सुतार झाला. ही माझ्या शेजारी बसून होती आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

म्हटलं, मी सांगू का भाऊंना? तर घाबरली. "नका सांगू बाई. तुमी सरकारी. मी बसली तं ते नावेले हात नाई लावणार." मग हळूच, "ते वाईट नाईत जी. नावेवर जीव हाय त्याहिचा."

२२ डिसें.
तक्रार आली. गावातले चार जण साहेबांकडे. धरणाचं पाणी बाटतं म्हणे. पाण्यात काही जात नाही हे मी सांगितलं. साहेबांनी मान हलवली. ते विश्वास ठेवतात, पण तक्रार ती तक्रार. उद्या घाटावर येतात, पेटी समोर काढायची. परवापासून मी टेबलावर. नावेवर मुलगा.

भाऊंना सांगितलं. वाटलं, सुटलो म्हणतील. ते नुसतं "बरं जी" म्हणाले आणि शीड गुंडाळत बसले.

जेवण गेलं नाही. ती पेटी फेकू देणार नाही असं म्हणावंसं वाटतं. म्हणून काय होणार?

२३ डिसें.
आल्या आल्या लिहायला बसले.

शेवटची फेरी म्हणून निघालो. वारा चांगला होता, शीड भरलेलं. मधोमध आल्यावर भागी उठली, माझा तांब्या उचलला आणि भाऊंच्या समोर उभी राहून घटाघटा प्यायली. सगळा. तोंड पुसलं, बसली. भाऊ बघत होते. मीही.

दोन जाळी ओढून झाली. मग जाळं खाली ठेवून ती म्हणाली, "अवो, शीड उतरवा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी नाही भाऊ.

"अवो, आयकून राह्यले का? शीड उतरवा."

भाऊ हलेनात. भागी आडोशापाशी उभी, एक हात बांबूवर. बसली नाही खाली. माझ्या मनात आलं, आता हा माणूस ओरडणार. तो ओरडला नाही. दोराची गाठ त्याला दोनदा सुटली नाही, तिसऱ्यांदा सुटली. शीड खाली आलं. त्याने पाठ केली.

घाटावर बायका हसल्या. धरणाच्या भिंतीवर साहेबांची जीप दिसत होती. इकडे आडोशातून राख ओतल्याचा आवाज आला.

काठाला लागलो. साहेब खालीच उभे होते. त्यांनी मला विचारलं, "आताच शीड उतरलं होतं. तुम्ही?" मी मान हलवली, नाही म्हणून. साहेबांनी भागीकडे पाहिलं, मग भाऊंकडे. सुतार हातोडा घेऊन आला होता. साहेब त्याला म्हणाले, "थांब जरा." जीपमध्ये जाऊन बसले. उद्या कळवतो म्हणाले.

मी बादली उचलायला वाकले तर भागीने माझा हात बाजूला केला.

"राहू द्या बाई. आज माही हाय."

डोक्यावर पदर घेऊन, बादली घेऊन, त्या सगळ्या बायकांच्या मधून ती पळसांकडे चालत गेली. धोपाटणी थांबलेली. कोणी हसलं नाही.

भाऊ नावेतच बसून होते. मी चपला घालून निघाले तेव्हाही. सकाळी नावेला हात लावून ती पाण्यात नेणार का, हे विचारायचं धाडस झालं नाही.