डावीकडची उशी

प्रिय ताई,

पार्सल पोचलं. नेहमीसारखंच जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं आणि वर तुझ्या त्या जाड पेनाने 'नाजूक वस्तू' लिहिलेलं. ते वाचून पोस्टमन माझ्याकडे भलत्याच आदराने बघतो, त्याला वाटत असेल आत काचसामान आहे. मी ते अजून फोडलं नाही. कपाटात तुझ्या आधीच्या पार्सलशेजारी ठेवलंय आणि दोन दिवस येता-जाता त्याच्याकडे बघतेय.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बसून वाच, आणि तुझा तो लाडका 'कशाला?' शेवटच्या ओळीपर्यंत तोंडात धरून ठेव. मी डॉक्टर शोधतेय. घाबरू नकोस, आजारी नाही. प्लास्टिक सर्जन शोधतेय, छातीची डावी बाजू उजवीसारखी करून घ्यायला. लिहून टाकलं एकदाचं. फोनवर हे वाक्य कितीदा जिभेवर आलं आणि दर वेळी मी भावोजींच्या गुडघ्याची चौकशी करून फोन ठेवला. त्यांनाही वाटलं असेल, मेव्हणीला आपल्या गुडघ्याचा एवढा पुळका कुठून आला.

तुला आठवतं ना, चष्म्याच्या दुकानात मला पहिली नोकरी लागली तेव्हाचं? दुकानाचा पांढरा कोट घालून मी आरशासमोर उभी होते. उजवीकडे कोट नीट भरलेला आणि डावीकडे रिकाम्या पिशवीसारखा पडलेला. आई म्हणाली, लग्न होऊ दे, मूल होऊ दे, सगळं जागच्या जागी येतं. (मूल झालं तेव्हा उजवी बाजू आणखी जागेवर आली, डावी होती तिथेच राहिली.) तू मात्र उठलीस. मशीनवरचं कापड काढलंस, स्वतःच्या उशीची शिवण उसवलीस, मूठभर कापूस काढलास आणि माझ्यासाठी ती छोटीशी गादी शिवलीस. कोणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणून आपण तिचंही नाव उशीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी दुकानात ताठ उभी राहिले. तुझी उशी मात्र एका कोपऱ्यात कायमची चपटी झाली आणि तू त्यावरच झोपत राहिलीस. तेव्हापासून दर वर्षी पार्सल. मी जाड झाले की उशी जाड, बारीक झाले की बारीक. फोटो बघूनच तुला कसं कळायचं देव जाणे. आपल्या दोघींशिवाय हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

त्याच्याबद्दल आधी सांगते, कारण तू पहिला संशय त्याच्यावरच घेशील. त्याने काही म्हटलेलं नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मला काही फरक पडत नाही, तुला हवं असेल तर कर. प्रेमाने म्हणाला गं, पण माणूस भिंतीचा रंग निवडताना म्हणतो ना, तसं वाटलं. फरक मला पडतो. वरच्या फळीवरची फ्रेम काढायला हात उंच केला की उशी सरकते. मागे एकदा खालचा खण उघडायला वाकले आणि ती थेट काउंटरवर पडली. समोर गिऱ्हाईक. मी शांतपणे त्या उशीनेच काउंटरची काच पुसायला लागले, तर तो गृहस्थ म्हणाला, छान मऊ आहे, मलाही एक द्या. घरी येऊन हसले खूप. मग न्हाणीघरात जाऊन रडलेही, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी बस पकडायला धावलेले नाही, ताई. हात छातीशी न धरता मला एकदा धावायचंय.

तर डॉक्टर. पहिला दवाखाना इतका गुळगुळीत, की चप्पल घालून आत जायला जीव धजेना. डॉक्टर आधी भेटलेच नाहीत, एक गोड बोलणारी मुलगी भेटली. तिने आल्याआल्या फोटोंचं पुस्तक हातात दिलं, आधीचे आणि नंतरचे. आता चेहऱ्यावर चष्मा बसवण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे माझं लक्ष भलतीकडेच जातं. आधीच्या फोटोत खांदे पडलेले, उजेड वरून. नंतरच्या फोटोत हात कमरेवर, उजेड समोरून, शिवाय नवा हेअरकट. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, दुसरं काय? मग डॉक्टर आले, घाईघाईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, डावीचं करूच, पण उजवीही थोडी वर उचलू आणि पोटाचंही बघू. ती मुलगी म्हणाली, आजच नाव नोंदवलंत तर सवलत मिळेल. मी गेले होते एक उशी काढायला, ते सगळं अंथरूण बदलायला निघाले. चहा पिऊन परत आले.

दुसरे डॉक्टर खरेच नावाजलेले. पदवी पक्की, मोठं हॉस्पिटल, भूल द्यायला वेगळे डॉक्टर. हे सगळं मी विचारून घेतलं होतं, कारण चष्मा कोणीही विकतो, पण डोळे तपासायला शिकलेलं माणूस लागतं, हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको. माझं जवळजवळ ठरलंच होतं. पण ते सगळं नवऱ्याकडे बघून बोलत होते. आकार केवढा हवा, हेसुद्धा त्यांनी त्यालाच विचारलं. हा बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, हिलाच विचारा. पुढे काही बिघडलं तर काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, बाई, तुम्ही काळजी करायची नाही, ते माझं काम. ज्याला प्रश्न आवडत नाही त्याच्यापुढे बेशुद्ध पडायचं धाडस मला झालं नाही.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई. खोली साधी, खिडकीत वाळलेली कुंडी, टेबलाचा एक पाय घडी केलेल्या पुठ्ठ्यावर. त्यांनी स्वतःहून सांगितलं की आत जे बसवतात ते जन्मभर टिकतंच असं नाही, पुढेमागे बदलावं लागेल. भोवती कडकपणा येऊ शकतो, स्पर्श कमी कळू शकतो. तंतोतंत सारखं होणार नाही, पण कोट नीट बसेल. आपल्या हातून मनासारखं न झालेल्या शस्त्रक्रियांचे फोटोही दाखवले आणि दुसऱ्यांदा काय करावं लागलं तेही सांगितलं. मला धीर आला तो त्या फोटोंनी, गंमतच आहे नाही?

तपासायच्या आधी मी उशी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, शिवणीवरून बोट फिरवलं. मग त्यांचा नियम सांगितला. तारीख ठरवायच्या आधी पेशंटने एक असं माणूस घेऊन यायचं, जे 'करू नकोस' म्हणेल. हो म्हणणारे सगळ्यांकडे असतात, नाही म्हणणाऱ्यासमोर जिचं मन टिकतं तिचंच त्या करतात. मी विचारात पडले, असं माणूस कुठून आणू? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अगदी तशी गत. त्यांनीच उशी माझ्या हातात परत दिली आणि विचारलं, "ही ज्यांनी शिवली, त्यांना सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. का, ते आता लिहिते. तुला वाटेल मी तुझं हातकाम टाकून देतेय, ही भीती होती. या विषयात मला लाज वाटू न देणारं माणूस एकच होतं आणि त्याच माणसाला जाऊन मी म्हणणार, तुझी उशी आता नको. जीभ उचलत नव्हती, ताई. आणि दुसरं एक. आधीच्या पार्सलमधल्या उशीत सुई राहिली होती. टोचली तेव्हा कळलं. रागावू नकोस, ओरखडाच होता. पण मग मी ती उजेडात धरून बघितली. तुझे टाके कसे असायचे, मुंग्यांच्या रांगेसारखे. ते आता शिवण सोडून बाहेर पळतात. नीट दिसत नसताना तू चाचपून शिवतेस, आणि चष्म्याचं नाव काढलं की तिथेही 'कशाला?' शस्त्रक्रियेचं माझ्या मनात त्याआधीपासूनच होतं, ते सुईमुळे नाही. पण त्या दिवशी मी घाबरले. तू कधीतरी थकशील हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

म्हणून हे पत्र. नाही म्हणण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा तू कशाला म्हणालीस, माझं लग्न ठरलं तेव्हाही म्हणालीस आणि लग्नात सगळ्यांत जास्त राबलीस ती तूच. तर ये. भावोजींना चार दिवस गुडघ्यासकट एकटं राहू दे. डॉक्टरीणबाईंसमोर बस आणि तुझ्या मनात असेल ते सगळं बोल, मला वाईट वाटेल म्हणून एक शब्द गिळू नकोस. तू माझं मन वळवलंस तर मी आनंदाने तुझी उशी लावून दुकानात जाईन. नाही वळलं, तर ऑपरेशननंतर मला पुढून उघडणाऱ्या मऊ सुती ब्रा लागतील, आणि त्या मला दुकानातल्या नकोत. तू आयुष्यभर माझ्यासाठी एकच बाजू शिवलीस, एकदा दोन्ही सारख्या शिवून बघ. मात्र त्याआधी एक सकाळ माझ्या दुकानात, माझ्या खुर्चीत, डोळे तपासायला बसायचं. तिथे तुझा 'कशाला' चालणार नाही. कापड दोन्हींचं घेऊन ये, उशीचंही आणि ब्राचंही. कुठलं कापायचं ते नवा चष्मा लावून ठरवू.

तुझंच,
शेपूट